मागच्या गल्लीची पाळी

११ मार्च
वीज कंपनीच्या ठेकेदाराकडं नवं काम. घरोघर जायचं, चार्जिंगच्या गाड्या किती ते मोबाइलवर भरायचं. त्यावरून कुठल्या गल्लीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोठा करायचा ते ठरणार म्हणे. आज गडमुडशिंगी. पुढची गल्ली झाली. मागच्या गल्लीच्या तोंडालाच एकजण गच्चीवर कबुतरं उडवत होता. वर गेलो तो दिवस मावळेपर्यंत. मागच्या गल्लीला सरसकट 'गाडी नाही' भरून टाकलं. कोण बघतंय.

६ मे
गेलतो कबुतरांसाठीच. मागच्या गल्लीत अंधार आणि भांडण. पुढच्या गल्लीला मोठा डीपी बसलाय, इथं जुनाच. चार्जिंगच्या स्कूटरी इथंही आहेत, पण पद्माक्काची इलेक्ट्रिक रिक्षा लागली की फ्यूज उडतोय, म्हणून सगळे तिच्यावर. "गाडी हाय का भट्टी?" क्लासच्या पोरी राजारामपुरीला नेते ती त्यातनं. दिवसभर रस्त्यावर, चार्जिंग रात्रीच.
तात्या म्हणून एक म्हातारे, "उसाला पाणी पाळीनं घेतोय की. गाड्यास्नीबी पाळी लावा." माझ्या गळ्यातलं कार्ड बघून, "पावणं, कंपनीचं न्हवं तुम्ही? लावा तुम्हीच."
लावली. एक रात्र स्कूटरवाल्यांना, एक रात्र आक्काला. चहा पाजला मला. प्यालो.

९ मे
रिक्षा स्टॉपवर आक्का.
"एक दिवस आड पोरी नेतोय. त्यांच्या आया दुसरी रिक्षा बघाय लागल्यात."
मग सहज बोलल्यासारखं, "कंपनी म्हणती, सर्वेत आमच्या गल्लीत गाडीच न्हाय. त्या दिवशी मी दारात गाडी धूत हुतो. तू गच्चीवर. म्हटलं, येईल खाली."
मी गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं.
"गल्लीला न्हाई सांगितलं मी. शुक्रवारी तक्रारीची सुनावणी हाय. तूच येऊन सांग."
हो म्हणालो. तिथनं उठून थेट पन्हाळा. काम काही नव्हतं. नुसतं तटावर बसलो.

शुक्रवार
ठेकेदाराचा फोन. "गेलास तर परत तोंड दाखवू नको." गेलो. कंपनीच्या साहेबांपुढं सांगितलं, त्या गल्लीत पाऊलच टाकलं नव्हतं. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले नाहीत. "फेरसर्वे करू. तोवर पाळी लावलीय ती चांगली आहे. चालू ठेवा."
आक्कानं विचारलं, "कवा करणार?"
"बघू."
येताना तिच्याच रिक्षात. शिव्या तरी द्यायच्या होत्या तिनं. कालची रात्र स्कूटरवाल्यांची, बॅटरी कधीच खाली. पुलाच्या चढाला गाडी रेंगाळली.
"उतर रं. वढंना झालीया."
उतरलो. रिकामी गाडी चढून पलीकडं गेली. तिकडं थांबली असेल का नाही, अलीकडनं दिसत नव्हतं. हाक मारावी म्हटलं, मारली नाही. चढ चालत राहिलो.