झेंड्याची घुरघुर

१४ सप्टेंबर, रविवार

झेंड्या आज घुरघुरला नाही. मांडीवर घेतलं तरी नाही. आडवा पडतच नाही, पुढचे पाय फाकवून नुसता बसलाय. पोट भात्यासारखं वरखाली.

आई म्हणली, "दोरा गिळला असंल. हारांच्या घरात बोका पाळल्यावर दुसरं काय!"

दोरा माझा. हार मी ओवते. रीळ उघडं मीच ठेवलं असणार!

१५ सप्टेंबर

बोंबील ठेवला. बघितलापण नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. कुत्र्यासारखा. मांजर असं कधी करत नाही!

बाबा म्हणले, "नवरात्र तोंडावर आलंय, झेंडूची तोडणी चाललीय. बोक्याला घेऊन कुठं फिरू?"

मी काहीच बोलले नाही. मला येतच नाही. झेंड्याला फुलांच्या क्रेटमध्ये घातलं आणि छोटा हत्ती टेम्पोत पुढं जाऊन बसले.

"उतर."

नाही उतरले. शेवटी बाबांनी चावी फिरवली.

पंचवटीतल्या जनावरांच्या दवाखान्यात उज्वला मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. मला विचारत होत्या, कधीपासून, काय खातो. बाबा म्हणले, "ती बोलत नाय. नववीत मोठ्यानं वाचायला उभं करायचे, तर शाळाच सोडली." सगळ्यांसमोर! जमीन फाटावी असं झालं.

मॅडमनी छाती ऐकली. एका बाजूला आवाजच नाही. ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला. दोरा नाही! काखेजवळचे केस काढले तर बारीक खपली. दुसऱ्या बोक्याचा दात. वरून जखम भरली, आत छातीत पू झाला. फुफ्फुसांच्या बाहेर साठलाय, म्हणून त्यांना फुगायला जागा नाही. सुईनं काढला. वास! पण लगेच झेंड्यानं तोंड मिटलं.

"शेजारच्या सहादूचा काळू!" बाबा म्हणले. "त्याच्याशिवाय कोण?"

मला विचारायचं होतं ते बाबांनीच विचारलं. "जगंल का?"

"आज नाही सांगता येणार. नळी घालून रोज धुवावं लागेल. बरी होतात पुष्कळ."

त्याला तिथंच ठेवला. येताना रिकामं क्रेट मांडीवर.

१७ सप्टेंबर

सहादूमामा कुंपणावरून, "आमचा काळू? गरीब गाय हाय ती!"

१९ सप्टेंबर

मॅडमचा बाबांना फोन. झेंड्या कोणाला हात लावू देत नाही, नळी ओढतो, त्या मुलीला आणा.

गेले. चार माणसं बघत उभी. मी त्याच्या कानाशी बोलायला लागले. हळू. कलकत्ता झेंडू किती उमलला, आईनं दोरा म्हणून तुला कसं बदनाम केलं, काळू कसा मिरवतोय. बोलतच गेले. आणि तो घुरघुरायला लागला!!

मॅडमच्या कानात नळ्या. एकदम म्हणल्या, "अगं, तू गप्प बस जरा! मला नुसती घुरघुर ऐकू येतेय!"

गप्प बस! मला! आख्ख्या शाळेनं "तोंड उघड" म्हणून जीव खाल्ला, आणि आज मला कोणीतरी गप्प बस म्हणलं. गाडीत हसू थांबेना. बाबापण हसायला लागले, कशाला ते न कळता.

पण मॅडम म्हणल्या, आजारी मांजरंपण घुरघुरतात. लगेच खूश होऊ नको.

झाले तरी.

२३ सप्टेंबर

नळी काढली. घरी! एका बाजूनं भादरलेला, अर्ध्या सोललेल्या कणसासारखा दिसतो. गोळ्या बरेच आठवडे. एकही सोडायची नाही.

२६ सप्टेंबर

गोळी थुंकतो. आईच्या चहात थुंकला.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबांनी छोटा हत्तीला हार घातला. उरलेल्या फुलांचा एक इवलासा झेंड्यालापण. "ह्याचीपण पूजा," म्हणले. त्यानं हारच कुरतडला. दोरा मी लगेच ओढून घेतला!

२५ ऑक्टोबर

एक्स-रे. मॅडमनी दिव्यासमोर धरला. दोन्ही बाजू काळ्याभोर. काळं म्हणजे हवा, म्हणजे चांगलं! छाती ऐकली. मी तोंड घट्ट मिटून उभी. मग कानातल्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या.

"आता बोल त्याच्याशी."

बोलले. पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं!

गोळ्या अजून थोडे दिवस, मग बंद.

१६ नोव्हेंबर, रविवार

सहादूमामा सकाळीच दारात, लाल होऊन ओरडत. काळूच्या बरगडीवर ताजा चावा! आणि आमचा साहेब पाण्याच्या टाकीवर बसून मिशा चाटतोय.

मी फुलांचं क्रेट घेऊन दारात गेले.

"मामा, तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हणले. "काळूला क्रेटमध्ये घाला. पू व्हायच्या आत न्यायचा. मॅडमशी मी बोलते."

मामा गप्प बसले.