वाचनकक्षातील संगणकांवर एकच लिनक्स कायम ठेवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय.

विषय : लिनक्सचा प्रकार निवडण्याचा अधिकार अर्जदाराकडून काढून घेणेबाबत.
संदर्भ : "योग्य वाटेल ते टाका, मला विचारू नका" हा आपला जिन्यातील तोंडी आदेश.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार वाचनकक्षाचा सहायक ग्रंथपाल आहे. कक्षातील जुन्या संगणकांना नवी प्रणाली झेपत नसल्याने त्यांवर मोफत मिळणारे लिनक्स टाकण्याचे ठरले. परंतु लिनक्स ही एक वस्तू नसून मोठे गोत आहे, आणि त्यातील प्रत्येकाला पडद्याचे निरनिराळे कपडे चढवता येतात, ही बाब जिन्यात उभयतांच्या लक्षात आली नाही.

२. अर्जदाराने प्रथम त्या गोतातले उबुंटू टाकले. बटणांची पट्टी डाव्या कडेला पाहून बांधणी विभागाच्या काकांनी "मान वाकडी होते" अशी हरकत घेतली. म्हणून मिंट टाकले. पट्टी खाली आली. त्यावर देवघेव खिडकीवरील बाईंनी "हे तर जुन्यासारखंच दिसतं, मग बदललं कशाला?" असे विचारले. त्यानंतर फेडोरा; त्यात पट्टी लपलेली. मग डेबियन, त्याला आधी केडीई नावाचा पडद्याचा कपडा चढवून, नंतर एक्सएफसीई नावाचा. अर्जदाराचा मेहुणा दर रविवारी येऊन "अजून आर्च नाही टाकलं?" असे विचारतो. पत्नीने जेवताना या विषयास मनाई केली आहे. कार्यालयात डावी पट्टी व खालची पट्टी असे दोन गट पडले असून चहा वेगवेगळा घेतला जातो.

३. इथवर प्रकरण आपल्या कानी घालण्यासारखे नव्हते. परंतु कक्षात रोज दुपारी एक निवृत्त परिचारिका येत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. दूरदेशी अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीशी त्या इथल्या संगणकावरून बोलत. बोलणे सुरू करण्यासाठी पडद्यावर दाबायचे चित्र दर बदलानंतर त्या मुकाट्याने शोधून काढत. अलीकडे त्या येईनाशा झाल्या, म्हणून अर्जदार त्यांच्या घरी गेला. बहिणीची चौकशी करता मावशी म्हणाल्या, "बरी असेल. ते चित्र किती शोधलं, सापडेचना. वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं. म्हटलं, चारचौघांत शोभा नको."

"मावशी, डोकं तुमचं नाही, माझं फिरलंय," अर्जदार म्हणाला.

४. परत येऊन अर्जदाराने सर्व संगणकांवर मिंट टाकले व ते चित्र पडद्याच्या मधोमध ठेवले. काल मावशी आल्या. बहिणीशी बोलून झाल्यावर डोळे पुसत त्यांनी विचारले, "आता हे असंच राहणार ना रे?" अर्जदाराने, कायमचा शब्द देण्याचा अधिकार नसताना, "हो" म्हटले आहे.

५. हा शब्द स्वतःच्या हातून पाळला जाईल याची अर्जदारास खात्री वाटत नाही. शिवाय मेहुण्याच्या सांगण्यानुसार लवकरच एक नवीनच प्रकार येत आहे. सबब संगणकांचा मुख्य पासवर्ड आपण तातडीने ताब्यात घ्यावा, ही विनंती.

आपला,
दिल्या शब्दाने बांधलेला,
सहायक ग्रंथपाल, वाचनकक्ष
दिनांक : ४ मार्च

सोबत : मुख्य पासवर्ड, बंद पाकिटात. (पाकीट मिळताच तो कृपया बदलावा. अर्जदारास तो पाठ आहे.)