साडेचारची बस आणि पूर्वाचे विषय

प्रिय मंदा,

टिंग टिंग! आठवतो तुला तो आवाज? एस.टी.च्या छताखालून गेलेली ती मळकट दोरी मी दोनदा ओढायचो आणि तिकडे ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजायची. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. नोकरी संपून किती वर्षं झाली! ती दोरी आता कुठल्या गाडीत असेल असं वाटत नाही. पण आज दुपारी जेवून जरा लवंडलो आणि ती डबल बेल कानात अगदी स्वच्छ वाजली. दचकून उठून बसलो. घरात कुणी नाही. विलास कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलाय, सूनबाई आपल्या पूर्वाला घेऊन कालपासून यवतमाळच्या दवाखान्यात आहे. मी आहे आणि भिंतीवर तुझा फोटो. फोटोकडे पाहवेना, म्हणून कागद पुढं ओढला.

तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. कशाला लिहायचं? एका घरात तर होतो. आज लिहितोय, कारण संध्याकाळी सहा वाजता एक गोष्ट कायमची होऊन जाणार आहे. ती थांबवणं फक्त माझ्या हातात आहे. आणि मी नुसता बसलोय, मंदा!

सगळं नीट सांगतो. तू गेलीस तेव्हा आपली नात दहावीत होती. पास झाली! अर्धं वर्ष अंथरुणात काढून पास झाली, आणि मार्क असे की विलासनं पेढे दोनदा आणले. सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आजाराचं दुखणं तुला मी काय सांगावं? थंडी पडली, पावसात भिजणं झालं की तिची हाडं ठणकायला लागायची आणि तू विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून तिचे पाय शेकत बसायचीस. मी उशाशी बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. पाखरांच्या, मळ्याच्या, झऱ्याच्या. माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय? एकदा मी तिला विचारलं, "कवितेनं बरं वाटते का गं?" तर म्हणाली, "दुखणं नाही थांबत आजोबा, पण टाइमपास होते." तू किती हसली होतीस तेव्हा!

रोज दिग्रसच्या कॉलेजला जाऊन-येऊन अकरावी तिला झेपणार नव्हती. तिच्याच शाळेतल्या एका मॅडमनी मग मार्ग सुचवला. आता घरबसल्या अकरावी-बारावी करता येते म्हणे. शाळा कुठं आहे असं विचारशील, तर मलाही सांगता येणार नाही. फोनमध्ये आहे.

आणि विषय! अगं, काय ते विषय! आपल्या वेळी 'साइड' असायची ना? सायन्स साइडला गेलं की कविता सुटली, आर्ट्स साइडला गेलं की परीक्षानळी सुटली. इथं तसं काहीच नाही. भाषांचा गट वेगळा, गणिताचा वेगळा, विज्ञानाचा, समाजशास्त्रांचा, कलेचा. प्रत्येकातून आपल्या मनानं उचलायचं. रसायनाच्या जोडीला मराठी चालतं, गणिताच्या जोडीला चित्रकला चालते. पंगतीत वाढणारा सगळी भांडी घेऊन समोर उभा आहे आणि तुम्ही नुसतं बोट दाखवायचं! माझ्या लहानपणी मला असं कुणी विचारलं असतं तर मी काय मागितलं असतं, याचाच विचार करत मी अर्धा दिवस घालवला.

पूर्वाला मात्र विचार करावा लागला नाही. त्या दिवशी तिचे गुडघे सुजले होते. खाटेवर पडल्या पडल्या तिनं सांगितलं, "लिहून घ्या आजोबा. जीवशास्त्र, रसायन, गणित. इंग्रजी. आन् मराठी, तुमच्यासाठी."

"माह्यासाठी कायले?"

"मंग कविता कोन समजावून सांगन मले? तेवढा एक विषय तं फुकटात निघते."

"आन् ते जीव, रसायन कायले पाह्यजे तुले? किती जड रायते ते!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुझ्यासारखं पाहते, डोळे बारीक करून. "माह्या रक्तात काय होऊन राह्यलं ते मले पाहाचं हाये," म्हणाली. "सगळे डॉक्टर मायले सांगतात, मले कोनीच नाही सांगत. तुम्ही भरून टाका. मले झोप येऊन राह्यली." गोळीनं तिचे डोळे मिटले.

मी भरायला बसलो. फोनचं आता मला जमतं. गणित घेतलं, इंग्रजी घेतलं. जीवशास्त्रावर बोट ठेवलं तर खाली वेळ आली. प्रात्यक्षिकाचा तास चार ते साडेपाच. रसायनाचंही तसंच. आणि माझा हात थांबला. खरं सांगतो, त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट आली. साडेचारची बस!

हसू नकोस. तुला तर कळायलाच हवं. आपल्याकडे खेड्यावरून दिग्रसला शिकायला येणाऱ्या पोरींचे विषय कधी मास्तरांनी ठरवले नाहीत आणि बापांनीही ठरवले नाहीत. एस.टी.नं ठरवले. शेवटची गाडी साडेचारला सुटायची आणि प्रॅक्टिकल पाचला संपायचं. मग पोरगी हुशार असो की नसो, आर्ट्स. पोरींना त्याचं काही वाटत नसेल, असं मी धरून चालायचो. प्रवेशाच्या दिवशी बापलेक आधी स्टँडवर येऊन मला वेळ विचारायचे आणि मग कॉलेजात जायचे. लग्न होऊन महिनाही झाला नसेल तेव्हाचं तुझं ते बोलणं आठवतं?

"अवो कंडक्टर, तुमच्या बसनं माहं सायन्स खाल्लं."

"म्या काय केलं? टाइम तं डेपोवाले ठरवतात."

"घंटी तं तुमीच वाजवत होते न!"

मी हसून तो विषय कवितेवर नेला होता. तू पोळ्या लाटत राहिलीस.

तर ही बस पूर्वाच्या बाबतीत आली कुठून? पोरगी घरात, खाटेवर. शाळा फोनमध्ये. कुठली गाडी तिला सोडून जाणार होती? पण आयुष्यभराची सवय, मंदा. दुपारी एकच्या आत संपणारे विषय मी शोधले. इतिहास मिळाला, समाजशास्त्र मिळालं. भाषेच्या गटात काव्याचा एक वेगळाच विषय होता, साध्या मराठीच्या जागी तो घेतला. एवढं करून मी समाधानानं चहा मांडला, गं! काव्याचा विषय मिळाला म्हणून गुणगुणतही होतो.

पूर्वा उठली. "झालं का भरून?"

मी म्हणालो, "झालं. पन जीव आन् रसायनच्या जागा भरल्या म्हने. दुसरे घेतले."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं? ठरवलं नव्हतं. आपल्याकडे कुठंही गेलं तरी हेच ऐकायला मिळतं, जागा भरल्या. तिनं ते लगेच खरं मानलं. म्हणाली, "बरं."

एवढंच. रडली असती, भांडली असती तर मी तिथंच कबूल केलं असतं. भांडली का नाही?

आठ-दहा दिवसांनी इतिहासाचा पहिला तास झाला. मी कौतुकानं शेजारी जाऊन बसलो. तास संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, हे पुन्हा पाहता येते बरं. रातच्यानं, पहाटे, दवाखान्यातून, कवाबी. आपली वेळ आपनच ठरवाची." मी विचारलं, "प्रॅक्टिकलचं बी?" ती म्हणाली, "सगळंच."

बस नव्हतीच, मंदा! शेवटची नव्हती, पहिलीही नव्हती. मी रिकाम्या स्टँडवर घंटी वाजवत उभा होतो.

तेव्हाच सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. मनाशी म्हटलं, चूक झाली, म्हाताऱ्या माणसाची होते. पण तुझ्यापासून काय लपवू? चूक होती ती फक्त त्या एका घटकेपुरती. नंतरचं सगळं मी जाणूनबुजून केलं. मला बरंच वाटत होतं. संध्याकाळी ती काव्याचा तास पुन्हा लावून बसायची, एखाद्या ओळीशी अडायची आणि हाक मारायची, "आजोबा!" तू गेल्यापासून या घरात मला अशी हाक कोण मारतं? मी धावत जायचो. ओळीचा अर्थ सांगता सांगता चौथीच्या वर्गात जाऊन पोचायचो, जिथं खिडकीबाहेर कडुनिंब होता आणि गुरुजी डोळे मिटून चाल लावायचे. ती शांत ऐकायची. एकदा ऐकता ऐकता तिनं वहीच्या कोपऱ्यात काहीतरी गोल गोल काढलं. मी म्हटलं, "चंद्र का?" ती म्हणाली, "नाही. रक्तातली पेशी. माही अशी विळ्यासारखी रायते म्हने, हे पाहा." आणि एका गोलाला तिनं वाकडं केलं. मी पुढची ओळ म्हणायला लागलो.

खरं कारण इथं आहे. बस नाही आणि कविताही नाही. मला भीती वाटते, मंदा. जीवशास्त्राच्या त्या जाड पुस्तकात ते लिहिलेलं असेल. या आजाराची माणसं किती जगतात, कशी जातात, सगळं. आणि ती हुशार आहे, पान चाळून सोडून देणारी नाही. ते ती एकटी वाचेल, हे मला सहन होत नाही. म्हणून तिच्या आणि त्या पानांच्या मध्ये मी पाखरं, मळे, झरे उभे केले. आपल्याला वाटलं आपण पोरीला जपतोय. जपत कुणाला होतो? स्वतःला.

तुला हे आधीच दिसलं होतं. शेवटच्या दिवाळीला तू सुपात तुरीची डाळ पाखडत होतीस आणि मी बढाई मारत होतो, की पूर्वाला मराठीची प्राध्यापक करीन. तू सूप थांबवून म्हणालीस, "पोरीच्या विषयात हात घालू नका तुमी. भेव तुमाले हाये, तिले नाही." मी म्हटलं, "मी कायले हात घालू?" तू पुन्हा म्हणालीस, "शब्द द्या मले." मी हो म्हणालो. तुला माहीत होतं का गं, मी काय करणार ते? मग जाताना विलासला सांगून जायचं होतंस, माझ्यावर कशाला सोडलंस? चिडून म्हणत नाही. पण म्हणतो.

आता आजचं ऐक. सकाळी माझ्या फोनवर निरोप आला. नंबर माझाच दिलाय ना! विषय बदलायचे असतील तर आज सायंकाळी सहापर्यंत बदला, त्यानंतर बदल होणार नाही. मी तो वाचला आणि फोन उशीखाली सरकवला. पूर्वा उद्या येणार आहे. म्हणजे मी काहीच केलं नाही तरी काम होतंय. कुणाला कळणारही नाही. सूनबाईला वाटेल जागा भरल्या होत्या, विलासला वाटेल नशीब. पोरगी इतिहास शिकेल, पासही होईल. लग्नकार्यात म्हणेल, मले सायन्स घ्याचं होतं, पन जागा भरल्या होत्या. ते ऐकायला तू नसशील आणि मीही नसेन.

जेवून लवंडलो तर ती घंटी वाजली, आणि आता सव्वातीन झालेत.

ऐक मंदा, एक शब्द देतो. मागचा मोडला, हा मोडणार नाही. हे पत्र संपलं की मी पूर्वाला फोन लावतो. सूनबाईला मध्ये न घेता तिलाच सांगतो, की जागा भरल्या नव्हत्या, आजोबानं खोटं सांगितलं. ती बोलली नाही तरी फोन ठेवणार नाही. सहाच्या आत तिचे विषय ती म्हणेल तसे होतील, आणि काव्याचा ठेवायचा की नाही तेही तीच सांगेल. आणि ते पान येईल ना, तेव्हा मी तिच्या शेजारी बसेन. मला त्यातलं काही कळणार नाही. ती थांबली तर थांबेन, ती पुढं गेली तर पान उलटेन. कविता म्हणणार नाही. तिनं मागितली तरच.

तुझा,
दामोदर
(आज 'कंडक्टर' म्हणालीस तरी चालेल.)

ता.क. उभ्या उभ्या लिहितो. सही केली, फोन हातात घेतला आणि दाराची कडी वाजली. शेजारचा कुणी असेल म्हणून उघडलं, तर पूर्वा! रक्त चढवायची गरज पडली नाही, म्हणून आजच सोडलं. सूनबाई मागं पिशव्या घेऊन येत होती. पूर्वा उंबऱ्यातच उभी राहिली. चेहरा उतरलेला, पण डोळे बारीक केलेले.

"आजोबा, तिथल्या डॉक्टर मॅडमनं विचारलं, कोनते विषय घेतले म्हून. म्या सांगितलं, जागा भरल्या होत्या. त्या म्हने, असं कसं? मंग म्या शाळेत फोन लावला. आमच्या इथं जागा भरतच नाही म्हने. आन् विषय आज सहा वाजेपर्यंत बदलता येते. तुमाले माहीत होतं?"

मंदा, मी "हो" म्हणालो.