परत आलेल्या हमीपत्राची विल्हेवाट

मी, साकेत शेषगिरी कुलकर्णी, वय बावीस, राहणार सप्तापूर, धारवाड, कायद्याचं शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडलेला, हे पूर्ण शुद्धीत लिहितो. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. सोमवारी बेंगळुरूत माझ्या यकृताचा तुकडा काढून अप्पांना बसवायचा आहे. मी टेबलावरच गेलो तर माझ्या वस्तूंची व्यवस्था अशी:

१. आजीने माझ्या नावे केलेली पणजोबांची ट्रंक, आतल्या पत्रांसह, स्मृती गलगली हिला.

अप्पा वकील. दर सत्कारात सांगत आले की १९३९ साली पणजोबा गोविंदरावांनी व्हिएन्नाच्या ज्यू डॉक्टर ब्राउनरना बायको-मुलीसह हिटलरच्या तावडीतून सोडवलं, जवळच्या रायापुरात दवाखाना काढून दिला. स्मृती यावरच प्रबंध लिहीत होती. त्या दवाखान्याची खूण शोधत रायापुरात दारोदार फिरली.

खरं ट्रंकेत होतं. व्हिसासाठी डॉक्टरांना इथल्या कुणाचं तरी हमीपत्र लागत होतं. “बोटीची तिकिटं काढली आहेत, फक्त तुमची सही हवी,” असं पत्र जुलैत आलं. तेव्हा अधिक श्रावण. पणजोबांनी महिना संपू दिला, मग मुहूर्त पाहून सही केली. लिफाफा निघाला, युद्ध लागलं, लिफाफा परत आला. डॉक्टरांचं पत्र पुन्हा आलं नाही.

हे वाचूनही मी तीन महिने गप्प होतो, कारण स्मृती रोज घरी यायची. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, “ती मुलगी दहा वर्षांची होती रे. आणि तू मला मिरची भजी चारत होतास.” त्यानंतर आली नाही.

स्मृती, ट्रंक घे. मला विसर, नाहीतर नको विसरू. तुझी मर्जी.

२. मोटरसायकल मावसभाऊ अभिषेकला. “सोड त्याला” असं स्मृतीला सांगणारा हाच. पुढचा ब्रेक लागत नाही. त्याचं त्याने शोधावं.

३. सुधींद्रला काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, एवढं कॉलेजात शिकलो.

४. यकृत मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून जिवंतपणी देतो आहे. आज अप्पांनी संमतीचा कागद हातात घेतला, चष्मा काढला आणि विचारलं, “अधिक ज्येष्ठ पंधरा जूनला संपतो ना?” इतके दिवस अप्पांकडे नाहीत, हे डॉक्टरांनी कालच सांगितलंय. मी तोंड उघडलं तर अम्मा म्हणाली, “सुम्निरु, गप्प बस. देवाचा महिना आहे.”

शनिवारपर्यंत त्यांची सही झाली नाही तर मी पुन्हा विचारणार नाही. अधिक महिन्यात लग्न-मुंज होत नाही. अंत्यविधी होतात.

कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः लिहून, वाचून सही केली.

साकेत शेषगिरी कुलकर्णी

आमच्यासमोर सही केली:
सुधींद्र कट्टी
महेश हुद्दार

धारवाड, २१ मे २०२६