माझी सव्वा मूठ

१ जुलै, मंगळवार
आजपासून साखर बंद. गूळ बंद. चहा फिका. बोलले म्हणजे बोलले.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टर म्हणतो, साखर दोनशे नव्वद आहे, ऑपरेशन करणार नाही. दीडशेच्या आत आणा, मग या. मी म्हटलं, डोळ्याचं काम आहे, खीर नाही करायची, साखरेशी काय संबंध? तो हसला नाही. जास्त शिकलं की माणसाचं तोंड गोठतं.
अकरा ऑगस्टला रक्त तपासायचं. तोवर चाळीसेक दिवस आहेत. मी बारा दिवसांत उतरवीन.
डोळा मला पाहिजेच. श्रावणात कानबाई आमच्याकडे बसते, अख्खी भाऊबंदकी जळगावला येते. देवीच्या नारळावर काजळाने डोळे काढायचा मान मोठ्या सुनेचा. सासू वच्छलाबाईची नजर गेली तेव्हा तिच्या हातातली काडी माझ्या हातात आली. आमच्यात मान असाच उतरतो. आणि धाकटी जाऊ रत्ना धुळ्याला बसून माझ्या डोळ्यावर डोळा ठेवून आहे.
ही वही माझी आहे. कोणी उघडली तर हात मोडीन.

२ जुलै, बुधवार, सकाळी
मेहरूण तलावावर फिरायला गेले. रिक्षाने. तिथपर्यंत चालत गेलं तर फिरायला ताकद कुठून राहील?
लोक काय एकेक. काही जण गोल उभे राहून टाळ्या पिटत मोठ्यामोठ्याने हसत होते. घरी कोणी हसू देत नसेल. एक बाई उलटी चालत होती. मी तिला म्हटलं, बाई, तोंड समोर आहे तुझं. तिला राग आला.
बाकावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवलं. येताना भजी घेतली. भज्यात साखर नसते.

५ जुलै, शनिवार
चार दिवस फिका चहा प्यायले. तोंडाची चव गेली, कोणाशी धड बोलवत नाही. आमचे हे म्हणाले, "स्वप्नीलची माय, तू आधी कधी धड बोलायची?" बघा. आजाऱ्याशी बोलायची पद्धत!
ह्यांच्यामुळे रक्तदाब वाढला तर साखरही वाढणार. म्हणून डोकं शांत राहावं एवढ्यासाठी दुपारच्या चहात अर्धा चमचा. औषध म्हणून.

८ जुलै, मंगळवार
दवाखान्यातली आहारवाली पोरगी. स्वतः काडीसारखी. मला म्हणते, ताटात भात एक मूठ घ्यायचा. तुमच्याच मुठीने, म्हणजे मोजायला सोपं.
मी मूठ दाखवली. तिने माझ्या मुठीकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही.
मला हे पथ्य पसंत आहे. देवाने मूठ मोठी दिली हा माझा गुन्हा नाही. पहूरला माहेरी कापूस वेचायचे तेव्हा मुकादम म्हणायचा, ही बाई आहे का टोपलं? घरी येऊन मुठीने भात घेतला. भाकरी वेगळी. तिने भाकरीबद्दल मूठ म्हटलं नव्हतं.

१३ जुलै, रविवार
रत्नाचा फोन. अक्का, मी मोड आलेले मूग खाते. अक्का, मी रोज पहाटे पांझरेच्या काठी चालते. अक्का, माझं वजन उतरलं. मी म्हटलं, उतरणारच, दळिद्र्यासारखं खाल्ल्यावर. मग ती म्हणाली, "अक्का, यंदा डोळे मी काढू का? तुम्हाला त्रास नको."
आली मुद्द्यावर. त्रास नको म्हणे!
उद्यापासून मेथीचं पाणी. अनशापोटी. रत्ना कोण लागून गेली.

१७ जुलै, गुरुवार
मेथीचं पाणी म्हणजे कर्माची फळं. तुळशीत ओतलं. तुळस बरी आहे.
स्वप्नीलने पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवलं. पावलं मोजतं म्हणे, आणि त्याला तिकडे मोबाईलवर कळतं आई चालली का नाही. आईवर पहारा! पण घड्याळात एक गुण निघाला. दुपारी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली तर पावलं पडायला लागली. धडाधड. संध्याकाळी पोराचा फोन आला, "आई, भारीच! आज तर कमाल केली."
म्हणजे यंत्रालाही कळतं की कुटणं आणि चालणं एकच. विज्ञानानेच सिद्ध झालं. रिक्षाचे पैसे वाचले. तलाव बंद.

२४ जुलै, गुरुवार
घरात चटणीच चटणी. ठेचाही झाला. हे म्हणतात, पुरे कर, पोटात आग पडली. ज्याला बायकोच्या तब्येतीची काळजी नाही त्याने बोलू नये.
चटणी भाकरीशिवाय जात नाही, त्यामुळे भाकऱ्या जरा वाढल्या. पण पावलंही वाढली. हिशोब बरोबर.

२९ जुलै, नागपंचमी
आज पथ्य पाळणारच होते. काकडी आणून ठेवली होती. पण नागपंचमीला विळी चालवत नाहीत, चिरायचं नाही. मग काकडी कशी खायची? दातांनी तोडली तरी तोडणंच.
तळायचंही नाही, म्हणून पुरणाची दिंडं वाफवली. वाफेवरचं. तेलाचा थेंब नाही. आहारवाली पोरगी स्वतः म्हणाली होती, वाफवलेलं खा.

१ ऑगस्ट, शुक्रवार
रत्ना धुळ्याहून कानबाईच्या दोन दिवस आधीच आली. पायात पांढरे बूट. दारात काढायला तिला एवढा वेळ लागला की चहा निवला.
आज रोटाचं धान्य काढलं. आमच्या घराण्यात एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ काढायची, त्याचं दळण करायचं, कानबाईला जाड पोळीसारखे रोट करायचे. हे पीठ घराबाहेर जात नाही. परक्याला देत नाहीत, गाईलाही घालत नाहीत. भाऊबंदांनीच खायचं आणि राखी पौर्णिमेच्या आत संपवायचं. उरलं तर वर्षभर घराला घोर.
रत्ना म्हणे, "अक्का, जे येणार त्यांच्याच नावाचं काढू. सुरतवाले येत नाहीत, हितेंद्र दुबईत आहे." मी म्हटलं, जिता माणूस मी मोजायचा सोडू? तू तुझ्या बुटातली पावलं मोज. एकेकाचं नाव घेऊन काढलं. दुबईसुद्धा.
मग म्हणे, "निदान मूठ माझी घ्या, तुमची मूठ म्हणजे पायली आहे." मूठ मोठ्या सुनेचीच. तिच्या मुठीत चिमणीचं पोट भरणार नाही.
पीठ दळून आलं तेव्हा गिरणीवाल्याने विचारलं, लग्न आहे का?

३ ऑगस्ट, रविवार, दुपारी
डोळे काढले. उजव्या डोळ्याने धुरकट दिसतं, पण हाताला सवय आहे. एका दमात काढले. बघितलं तर सगळे गप्प. भक्तीने. भाऊबंदांतल्या पितांबरभाऊंची नात तेवढी म्हणाली, "आजी, देवी कोणाकडे बघते आहे?" तिला म्हटलं, तुझ्याकडे, गप बस.
आता चुलीवर. मातीच्या खापरावर रोट माझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत.

संध्याकाळी
आरतीला बघितलं आणि अंगावर काटा आला. देवीचे डोळे सरळ झालेले! दुपारी मलाही वाटलं होतं, डावा जरा कानाकडे गेला. पण देवीने स्वतःच नीट करून घेतले. माझ्या हातचे होते म्हणून. सगळ्यांना सांगितलं. पहूरच्या रुपचंद नानांना दोनदा सांगितलं, त्यांना ऐकू कमी येतं. नानांनी हात जोडले. रत्ना खाली मान घालून वात सारत होती. जळत असणार.
डोळ्याचं ऑपरेशन आता नक्की होणार. हा कौलच आहे.

४ ऑगस्ट, सोमवार
विसर्जन झालं. सुरतवाले आले नाहीत. दुबई आली नाही. बोदवडवाले आले ते वेफर खाल्ल्यासारखं चिमूटभर खाऊन गेले, त्यांच्या सुनेला गोड चालत नाही म्हणे. आजकाल सगळ्यांनाच नखरे.
पिठाचा डबा अर्ध्याच्या वर भरलेला.
आणि परत येताना हे बोलून गेले. मी रुपचंद नानांना देवीचं तिसऱ्यांदा सांगत होते, तर हे मधेच, "अवं, देवीनं नाही, रत्नानं काढले. तू चुलीवर होती तवा तेलाच्या बोटानं पुसून पुन्हा काढले. देवी दोन्हीकडं बघे, काय करणार?"
सगळ्या लोकांत. नदीच्या काठावर.
घरी आल्यावर ती म्हणते, "अक्का, रागावू नका, मला बघवलं नाही. उरलेलं पीठ मी धुळ्याला नेते. आम्हीही घरचेच आहोत, संपवू. तुमची तपासणी आहे ना."
मी म्हटलं, माझी काडी घेतली, आता डबाही घेते का? माझ्या घरात निघालं ते माझ्या घरात संपेल. तू तुझे मूग खा.
ती बूट घालत होती तेव्हा मी पाठ फिरवून उभी होते. फार वेळ उभं राहावं लागलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी रोट, दुपारी रोट. हे आहेत मदतीला. दोघांत संपेल.

६ ऑगस्ट, बुधवार
हे बोदवडला गेले. भाच्याकडे काम आहे म्हणे. कसलं काम विचारलं तर म्हणाले, पोटाचं. एवढ्या वर्षांचा संसार!
स्वप्नीलला फोन केला, ये. तो म्हणे, सुट्टी नाही, पण आई, घड्याळात पावलं दिसत नाहीत दोन दिवस. सांगितलं, देवीचं काम चालू आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
नुसता रोट कोरडा लागतो, घशात अडकतो. गुळाची खीर केली. गुळाशिवाय देवीचं अन्न खाणं म्हणजे तिचा अपमान. देवीच्या नावाचं अंगी लागत नाही, असं आमची आई म्हणायची. तिला साखर होती. पण ती वेगळी.
शेजारच्या हसीनाबी दार वाजवून म्हणाल्या, खाला, कसला छान वास येतो आहे. जीव तुटला. ताट भरून द्यावं असं वाटलं. पण परक्याला चालत नाही. दारातच उभं ठेवलं आणि म्हटलं, काही नाही, वरण आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उपाशी पाठवलं, आणि स्वतः फुटेपर्यंत खाल्लं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
खाल्लं.
तहान फार लागते आहे. हवेत उकाडा आहे.
एकदा फोन हातात घेतला. धुळे. वाजायच्या आत बंद केला.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा
डबा रिकामा. झाडून, पुसून. संपवला मी! एकटीने! अख्ख्या घराण्याचा घोर माझ्या पोटात घेतला. सुरतेचा घेतला, दुबईचा घेतला. हे कोणाला जमलं असतं? रत्नाला?
हे सकाळीच परत आले. डबा रिकामा झाल्यावर.

११ ऑगस्ट, सोमवार
रक्त दिलं. नर्स पोरगी म्हणे, "काकू, मूठ आवळा. नस दिसत नाही." आवळली. म्हणे, "सोडा आता." नाही सोडली. तिला दोनदा सांगावं लागलं.
संध्याकाळी रिपोर्ट आला. हे घरी नव्हते, मी स्वतः उंबऱ्यातल्या उजेडात धरून वाचला. मागचे दोन आकडे स्वच्छ, छत्तीस. पुढचा जरा पुसट छापलेला, पण सरळ उभा. म्हणजे एकच. एकशे छत्तीस!
दीडशेच्या आत! देवीचं अंगी लागत नाही, मी म्हटलंच होतं. आहारवाली, डॉक्टर, रत्ना, सगळ्यांच्या तोंडात शेण. रत्नाला फोन लावला आणि आकडा दोनदा सांगितला. ती म्हणाली, "चांगलं झालं, अक्का."
अर्धा किलो पेढे आणले. हसीनाबींना पहिले दिले. दोन मी खाल्ले. आता चालतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
पेढे घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरने रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला. मग ह्यांच्या हातात दिला. हे मोठ्याने वाचून मोकळे झाले. तीनशे छत्तीस.
मी म्हटलं, पहिला आकडा एक आहे. डॉक्टर म्हणाला, बाई, तुम्हाला एक दिसला म्हणूनच तर ऑपरेशन पाहिजे. हसला. शिकलेल्यांना हसता येतं, फक्त वेळ त्यांची असते.
ऑपरेशन दिवाळीनंतर. तेही जमलं तर. तोवर गोळ्या वाढवल्या. पेढ्यांचा पुडा त्याने टेबलाच्या पलीकडे सरकवून ठेवला, परत दिला नाही.

संध्याकाळी रत्नाचा फोन. ह्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, मला काही बोलायला ठेवलंच नाही. मला वाटलं आता ही नाचणार. ती म्हणाली, "अक्का, दिवाळीआधी मी येऊन राहते पंधरा दिवस. सोबत चालू. पुढच्या श्रावणात डोळे तुम्हीच काढा. मी नाही हात लावणार."
मी वाट बघत होते. पुढे काहीतरी असणार.
"फक्त मूठ माझी घेऊ."
फोन ठेवला नाही. ती पलीकडे थांबून होती.
मूठ उघडून डोळ्यांसमोर धरली. डाव्या डोळ्याला ती मोठीच दिसते. उजव्याला तर दिसतच नाही.
मग तिला म्हटलं, येताना ते मूग घेऊन ये, इथले कडक असतात.