पहिली वाटी हिची

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं, पण हात वळला नाही. जन्मभर ‘अहो’च म्हटलं. आता तुम्ही लिंगैक्य होऊन फोटोत जाऊन बसल्यावर कुठं नवीन सुरू करू?

लिहायचं कारण, काल सलीमभाई आले होते. तुमच्या रविवारच्या खवय्ये मंडळाचे अध्यक्ष. हातात मोसंब्यांची पिशवी, डोळे भरलेले. म्हणाले, “वहिनी, भावाच्या आठवणीत आम्ही एक कार्यक्रम करायलोत. येत्या रविवारी समदे जण बगारा वांगीच बनवणार. भावाच्या चवीच्या जवळ कोणाची येती, ते तुम्ही सांगायचं.”

“मीच का?” म्हटलं.

“आता घ्या! भाऊच सांगायचे न्हाई का, पहिली वाटी हिची. हिनं मान हलवली तरच डबा भरतो म्हणून. लई कौतुक होतं त्यांना तुमचं.”

मी चहा टाकायला आत गेले. दुसरं काय करणार होते?

पहिली वाटी! कोणत्या घरातली हो? आपल्या तर नव्हे!

मंडळाच्या रविवारी सकाळीच तुम्ही कमरेला पंचा गुंडाळून स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचात. तीळ, शेंगदाणे, खोबरं भाजल्याचा वास गल्लीभर. मी नुसती दारात आले तरी, “हात लावू नकोस, चव बिघडते.” गंजगोलाईच्या बाजारातून बोटाएवढी वांगी निवडून मी आणायची, चिंच मी कोळायची. तेव्हा नाही बिघडायची तुमची चव!

मग पातेलं निपटून डबा भरला, स्कूटरला अडकवला, की निघालात रेणापूर नाक्याकडं, मंडळात. माझ्यासाठी मागं काय, तर खरकटं पातेलं आणि कालथा. एकदा बोट फिरवून चाटलं असतं तर कोण बघणार होतं? पण नाही चाटलं. मला वाढलेलं खायचं होतं. तुम्ही ताटात वाढावं, आणि समोर बसून विचारावं, कसं झालंय गं? एवढंच.

बरं, डबा रिकामा परत करू नये म्हणून मंडळातलं कुणीतरी त्यात चिमूटभर साखर टाकायचं. गावाला बगारा वांगी, घराला साखर! ती मी तुमच्याच चहात घालत आले.

एकदा बोललेही होते. आठवतं? “मंडळाचा नियम आहे, सगळं तिथंच उघडायचं,” म्हणालात. वाटीभर बाजूला काढल्यानं कोणता नियम मोडत होता? आणि कंधारहून माझी आई आली होती, तेव्हा जावयाच्या हातचं खायची तिला केवढी हौस! तिलाही तुम्ही मंडळातले फोटोच दाखवलेत. ती बिचारी, “लई छान दिसतंय,” म्हणाली.

डेंग्यू झाला तेव्हा तर मला उठवत नव्हतं. मऊ खिचडी टाका म्हटलं. तुम्ही मेसचा डबा लावलात. “साधं मला जमत नाही,” म्हणे! ज्याला अख्खं लातूर मास्टर म्हणतं, त्याला मूठभर डाळतांदूळ जमत नाही? त्या दिवशी मी रडले. तुम्हाला वाटलं, तापानं.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते, की पुरुषमाणूस, सुचत नसेल. काल तेही गेलं. बायकोला पहिली वाटी द्यावी, तिला विचारावं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं! चारचौघांत सांगताना अगदी बरोबर सुचलं. मग घरी का नाही सुचलं? खोटं बोलायला लाज वाटली नाही, की लाज वाटायची म्हणूनच खोटं बोलायचात? सांगा ना आता!

मी रविवारी जाणार आहे. नवी साडी नेसून जाईन. तुमच्या फोटोला हार घालीन, त्यात कसूर करणार नाही. ओळीनं मांडलेल्या वाट्या एकेक करून खाईन, पोटभर. आणि सलीमभाईंनी माईक पुढं केला, की तुमची झाकपाक करणार नाही, हा माझा शब्द. मी म्हणेन, त्यांच्या हातचं तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय. मी कधीच नाही खाल्लं. कसं लागायचं, ते तुम्हीच मला सांगा.

तुमची,
सुमन