गिरणीचा वाकलेला व्हॉल्व

पनवेल,
भाऊबीजेनंतरचा शुक्रवार, १९५८

प्रिय,

पुढे नाव लिहायला हात धजत नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढं पुरे. तुमचं कार्ड मिळालं. ‘व्हॉल्व वाकला असेल तर इंजिनाला हात लावू नकोस, मी पौर्णिमेला येतो आणि बघतो.’ बस, एवढंच! ना आईंची चौकशी, ना माझी. अहो, मिरजेचा दवाखाना म्हणजे काय धर्मशाळा आहे, वाटेल तेव्हा वळकटी उचलली आणि निघालो? उपचार अर्धे टाकून गेलात तर क्षय पुन्हा उसळेल, मग माझ्याकडे परत येऊन उपयोग नाही, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत तुम्हाला बजावलं होतं. तुम्ही मान डोलावलीत. आता म्हणे येतो! अक्षर वेडंवाकडं आलंय, ते का ते पुढे सांगते.

आधी व्हॉल्व वाकला कसा ते ऐका, कारण ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. तुमच्या मातोश्रींची कृपा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गिरणी झाडून पुसून घेतली आणि इंजिनाची हवेची जाळी काढून घासलेटमध्ये धुवायला ठेवली, दर दसऱ्याला तुम्ही ठेवता तशीच. सकाळी आई पूजेला बसल्या. इंजिनाला हळदकुंकू झालं, झेंडू झाला, आता गणपतीची सुपारी कुठं ठेवायची? जाळी काढल्यामुळे नळीचं तोंड उघडं होतं आणि आईंना ती वाटीच वाटली. सुपारी त्यात छान बसली म्हणे. वर झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली, मी फूल बाजूला केलं, आत घसरलेली सुपारी मला दिसलीच नाही, जाळी न लावताच मुहूर्तासाठी हँडल मारलं आणि इंजिनाने गणपती गिळला! खाडकन असा आवाज झाला की दारातल्या बायका पळाल्या. चाक अडून बसलं ते बसलंच. आई मात्र शांतपणे विचारतात, ‘प्रसाद वाटू का आता?’ कपाळ माझं!

तेव्हापासून गिरणी बंद, आणि तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर. बायका भाजणीचे डबे घेऊन येत आणि कुलूप बघून मलाच ऐकवून जात. सखूबाई तर पायरीवर ठाण मांडूनच बसली. ‘बाय, गिरन कवा चालू व्हनार? जात्यावं दलून माजं खांदं गेलं. तुमचं मालक नाय तं दुसरा कोन नाय काय?’ दुसरा म्हणजे काशिराम मिस्त्री. त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आज येतो, उद्या येतो करत तो करंजा बंदराला जाऊन बसला. तिकडे कोळ्यांनी होड्यांना इंजिनं बसवलीत ना, आता त्याला आमची पिठाची गिरणी कशाला दिसेल? निरोप काय पाठवला, तर ‘तोवर वैनींनी इंजिन झाकून ठेवावं.’ झाकून ठेवू! लोणचं आहे का ते?

मग मी पाने बाहेर काढले. हसू नका. लग्न झाल्यापासून तुम्ही इंजिन उघडलंत की पाने कोण देत होतं हातात? नुसती देत नव्हते, बघतही होते. व्हॉल्व दाबणारं वरचं रॉकर सोडवलं, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, त्याचे नट सोडवले. त्यातला मागचा नट तुम्ही कसा आवळला होतात देव जाणे, पान्याच्या टोकाला मुसळ बांधून मी आणि आई दोघी लोंबकळलो तेव्हा कुठं सुटला. हेड उचलायलाही आईच होत्या. सोवळं गेलं खड्ड्यात, असं त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, माझ्या कानांवर विश्वास बसेना. आत बघते तर पिस्टनवर सुपारीचा चुरा आणि हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वचा दांडा चांगला वाकलेला. सुपारी खाली अडकल्यामुळे त्याला मिटता आलं नाही आणि पिस्टनने येऊन ठोकरला. हे मला कुणी सांगितलं नाही, बघून कळलं.

नवा व्हॉल्व आणायला धर्मराजला सांगितलं, तो लॉरी घेऊन मुंबईला जातोच. वाकलेला व्हॉल्व फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला, म्हटलं अस्साच आण. आणला तो धूर बाहेर टाकण्याचा! दुकानदाराने दिला आणि याने घेतला. वैनी, दोन्ही सारखेच दिसतात की, म्हणतो. त्याचे डोळे आहेत की कवड्या, सारखे दिसायला? मी अशी काही बोलले की दुसऱ्या खेपेला तो दुकानात व्हॉल्ववर व्हॉल्व ठेवून, मापून घेऊन आला. बरोबर मला खूश करायला वसईची केळी. केळी आईंनी खाल्ली.

नवा व्हॉल्व नुसता बसवून चालत नाही, त्याला आपल्या जागेवर घासून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तुम्ही तो घासायचा खरखरीत मसाला लावून तळव्यांत दांडा धरून फिरवत बसायचात आणि मी म्हणायचे, ताक घुसळताय का. आता मी घुसळलं. हात भरून आले, बांगड्यांत काळं बसलं, ते अजून निघत नाही. घासून झाल्यावर वरून घासलेट ओतलं की खाली झिरपता कामा नये. झिरपलं. पुन्हा घासलं. पुन्हा झिरपलं. तेव्हा मी तुम्हाला, काशिरामला आणि इंजिन शोधून काढणाऱ्या त्या मेल्या साहेबाला, जो कोण असेल त्याला, मोठ्याने शिव्या दिल्या. आईंनी ऐकल्या आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा मात्र थेंब गळला नाही.

सगळं जोडलं आणि हँडल मारलं, तर इंजिन नुसतं फुसफुसतंय. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू. मग आठवलं, रॉकर आणि व्हॉल्वच्या मधे फट राखायची असते, आणि मी तर स्क्रू कचकचीत आवळला होता! व्हॉल्व मिटणार कसा? तुम्ही म्हणायचात, पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी. घरात एकच कार्ड सापडलं, तुमचं. ‘हात लावू नकोस’ हे तेलाच्या बोटांनी धरलं, मधे सरकवलं आणि फट बसवली. कार्डाची पार वाट लागली. मग हँडल मारलं आणि चालू झालं हो! आज सकाळपासून चालू आहे. हे पत्र मी गिरणीतच पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहितेय आणि डबा थरथरतोय, म्हणून अक्षर असं. सखूबाईचे तांदूळ दळून होताहेत. ती म्हणाली, ‘मालकाला सांगू नको हां, त्याला वाईट वाटंल.’ मी सांगतेय.

आता खरं बोलू? काल तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या कमळाकररावांचं पत्र आलं. तुमच्या छातीचं ऑपरेशन ठरलंय, ते तुम्ही मला एका ओळीने कळवलं नाहीत. तारीख दिली तर घरी गिरणी बंद आहे म्हणून पुढे ढकललीत, पुन्हा दिली तर व्हॉल्व वाकलाय म्हणालात, आणि आता ट्रंक भरून बसलाय. मला इतका संताप आलाय तुमचा! व्हॉल्वसाठी येत होतात होय? भीती वाटते म्हणून सरळ लिहायचं होतं ना मला. बरगड्या कापणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? मला तर कालपासून अन्न गोड लागत नाही. पण ऑपरेशन टाळून घरी आलात तर मला तुम्ही किती दिवस मिळणार, याचा तुम्ही विचार केलात का हो? गिरणी चालू आहे. ती सांभाळायला आई आहेत, पट्ट्याजवळ जायचं नाही असं त्यांना बजावलंय, आणि हँडल मारायला धर्मराज येईल. मी सोमवारी पहाटेची एस.टी. धरून पुण्याला येते आणि तिथून गाडीने मिरजेला. तारीख मीच डॉक्टरांकडून घेणार आहे. ट्रंक रिकामी करून ठेवा, त्यात माझी लुगडी ठेवायची आहेत. तुम्ही आपल्या पायांनी चालत घरी येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुमचीच,
वेणू